जुना पॉवर टिलर आणि आय.सी. इंजिनचा पेपर



डिझेल इंजिनच्या चार स्ट्रोकची आकृती आपण झोपेतही काढू. पण हँडल मारून हात भरून आलेत, इंजिन धरत नाही आणि खाचरात पाणी उभं आहे, अशा वेळी त्या आकृतीचा उपयोग कसा करायचा? या लेखात तेवढंच सांगायचा प्रयत्न आहे.

ठाण्या-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्यांसाठी आधी थोडी ओळख. पॉवर टिलर म्हणजे दोन चाकांचं यंत्र. पुढे एक सिलिंडरचं साधारण 12-13 एचपीचं डिझेल इंजिन, मागे वाकड्या पात्यांचा रोटरी. माणूस मागून चालतो किंवा मागच्या सीटवर बसून हाकतो. आमच्या कल्याण तालुक्यात खडवली-टिटवाळ्याकडे भाताची खाचरं लहान, मध्ये बांधच बांध. मोठ्या ट्रॅक्टरला तिथे वळायलाही जागा मिळत नाही. म्हणून टिलर. बंगळूरच्या व्हीएसटीने 1967 पासून जपानच्या मित्सुबिशीच्या तंत्रज्ञानावर, तर केरळ सरकारच्या काम्कोने 1973 पासून कुबोटाच्या मदतीने हा व्यवसाय उभा केला. नव्याची किंमत लाखांत, त्यामुळे गावात सेकंडहँड टिलरच जास्त फिरतो.

आणि तो नेमका आवणीच्या तोंडावर बंद पडतो! भाताचं रोप साधारण 21 ते 25 दिवसांचं झालं की लावायला हवं. चिखलणी अडली की रोप जून होतं, फुटवे कमी येतात आणि वर्षाच्या भातात घट येते. व्हायवा पुढे ढकलता येते, पाऊस नाही.

आमच्या बाबांनी घेतलेला जुना टिलर काळा धूर ओकायचा आणि चिखलात दम टाकायचा. तालुक्याच्या एका फिटरने दोन मिनिटं आवाज ऐकून निकाल दिला, "बोअर गेलाय, इंजिन खोलावं लागेल." खर्च टिलरच्या निम्म्या किमतीएवढा. बाबा पैशाची जुळवाजुळव करू लागले. मी म्हटलं, "बाबा, दोन दिवस थांबा. आधी तपासू." नियम एकच ठरवला : फुकटची तपासणी आधी, पाना नंतर, नवा पार्ट सगळ्यात शेवटी.

1) धूर बघा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, नॉझलचा फवारा खराब किंवा लोड जास्त. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय. गरम झाल्यावरही तो थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. आमचा धूर काळा होता, निळा नव्हता. बोअरच्या निदानावर पहिली शंका इथेच आली.

2) कॉम्प्रेशन. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा साधारण 16 ते 20 पट दाबली की ती 500 अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेल पेटतं. दाब गेला की सगळं गेलं. डिझेल बंद ठेवून हँडल सावकाश फिरवा. कॉम्प्रेशनला हाताला चांगला अडथळा लागला, फ्लायव्हील उसळून मागे आलं, तर बोअर बहुधा ठीक. अडथळा नसेल तर कान द्या. फुसफुस एअर फिल्टरकडे आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ब्रीदरमधून आली तर रिंग-बोअर, रेडिएटरात बुडबुडे आले तर गॅस्केट. टॅपेटची गॅप इंजिन थंड असताना फीलर गेजने मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. आमच्या इंजिनाने हँडल उलटं फेकलं. बोअर शाबूत!

3) हवा. टिलरचा एअर फिल्टर बहुतेक ऑइल-बाथ प्रकारचा असतो. आमच्या वाटीत ऑइलऐवजी चिखलाचा शिरा होता. जाळी डिझेलने धुतली, वाटीत खुणेपर्यंत ताजं ऑइल भरलं. चिखलणीच्या दिवसांत हे रोजचं काम समजा.

4) डिझेल. पावसाळ्यात कॅन आणि टाकीत पाणी साचतं. तळाचं डिझेल काढून टाका, फिल्टर बदला. मग एअर काढा : फिल्टरचा स्क्रू, नंतर पंपाचा, शेवटी इंजेक्टरच्या पाइपचा नट थोडा सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हँडल फिरवायचं. नॉझल कल्याणच्या एका पंपरूममध्ये टेस्टरवर लावून पाहिला. फवाऱ्याऐवजी थेंब पडत होते. काळ्या धुराचं दुसरं कारण सापडलं. नॉझल बदलला. फवाऱ्यासमोर बोट धरू नका. त्या दाबाने डिझेल कातडीत शिरतं आणि मग थेट हॉस्पिटल.

5) पट्टे. इंजिन ताकद देतंय पण चाकाला पोचत नाही, असं झालं की व्ही-बेल्ट बघा. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण एक-दीड सेंटिमीटर दबावा. पट्टा खाचेच्या बाजूंवर बसायला हवा. तळाला टेकला की तो घसरणारच. बदलायचे तर पूर्ण सेट बदला. एक नवा, दोन जुने ठेवले तर सगळा भार नव्यावरच येतो.

6) पाती. झिजून अरुंद झालेली पाती माती कापत नाहीत, नुसती ढवळतात. डावी-उजवी अदलाबदल झालेलीही बऱ्याचदा सापडतात. गवत काढताना इंजिन बंदच हवं, आणि रिव्हर्स घेताना रोटरी न्यूट्रलला. मागे आपलेच पाय असतात.

आता थोडं गणित. रोटरीची रुंदी 60 सेंटिमीटर आणि वेग ताशी दीड किलोमीटर धरला तर तासाला 900 चौरस मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. वळणं आणि बांध यांत पाव भाग वजा केला की पावणेसात गुंठे उरतात. दुरुस्तीआधी आमचं काम तासाला चार गुंठेही होत नव्हतं. नंतर सहाच्या वर गेलं. इंजिनाची ताकद आम्ही वाढवली नाही, गळती बंद केली एवढंच. गव्हर्नरचं सील तोडून जास्त डिझेल सोडायचा सल्ला गावात सहज मिळतो. त्याने चार दिवस जोर येतो आणि मग खरोखरच बोअर जातो.

सगळा खर्च फिल्टर, नॉझल, पट्टे आणि पात्यांचा. सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही नाही. आवणी वेळेत झाली.

होस्टेलमध्ये मुरबाड, शहापूर, भिवंडीकडचे बरेच जण आहेत. कुणाकडे टिलर असेल, कुणाकडे पाण्याचा पंप, कुणाकडे भातगिरणीचं इंजिन. सबमिशन संपवून घरी जाल तेव्हा बॅगेत एक फीलर गेज आणि हा सहा पायऱ्यांचा क्रम न्या. इंजिन खोलायचं की नाही हे ऐकीव निदानावर ठरवू नका, तपासून ठरवा. घरच्यांचे पैसे वाचतील आणि लावणी रखडणार नाही. आणि हो, पेपरात 'डिझेल इंजिनच्या धुरावरून दोष ओळखा' असा प्रश्न आलाच, तर उत्तर पाठ करावं लागणार नाही!