वावर लहान, हिशेब मोठा

चिखलदऱ्याच्या डोंगरात पूर्वी वावरात काय पिकत असे? ज्वारी, कोदो, कुटकी, तूर. पिकले ते घरात येई. उरले तर बाजारात जाई. आता गावोगाव सोयाबीनचा पेरा दिसतो. सोयाबीनची काही भाकरी होत नाही. ते विकावेच लागते. विकण्यासाठी घेतलेल्या पिकाला नगदी पीक म्हणतात.

हा बदल का झाला? एक कारण वाटणी. समजा, आजोबांचे वावर १२ एकर होते. मुले तीन. प्रत्येकाला ४ एकर मिळाले. पुढे प्रत्येकाला दोन मुले झाली. नातवाच्या वाट्याला आले २ एकर. सरकारी मोजणीही हेच सांगते. १९७०-७१ साली महाराष्ट्रात एका शेतकऱ्याकडे सरासरी साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ साली ती सुमारे सव्वातीन एकर राहिली. आशिया-आफ्रिकेतल्या पुष्कळ देशांत असेच घडत आहे.

दुसरे कारण पैसा. शाळा, दवाखाना, कपडालत्ता, सगळ्याला रोख लागते. म्हणून नगदी पीक वाईट, असे आम्ही म्हणत नाही. पण भाव आपल्या हाती नसतो, हे विसरू नये.

आपल्या वऱ्हाडाने हे पाहिले आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पेरा वाढला. १८६५ साली युद्ध थांबले आणि भाव कोसळले. कापसाचा पेरा मात्र पुढेही वाढतच गेला. मग १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. ज्वारी महागली. कापूस काही खाता येत नाही! लोकांचे फार हाल झाले.

मग करावे काय? वावर दोनच एकर असले, तरी एक तुकडा घरच्या धान्यासाठी ठेवावा. कुटकी हलक्या जमिनीतही येते. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्याव्या. पाच-दहा घरांनी माल एकत्र करून परतवाड्याला न्यावा. गाडीभाडे वाटून जाते आणि भाव बोलायला बळ येते.

आता आपल्याला लिहिता येते. तर आजच वहीत लिहा: वावर किती? घरासाठी पेरले किती? विकायला किती? बियाणे, खत, मजुरी यांचा खर्च किती? उधारी किती? शेवटी हातात उरले किती?

हा हिशेब घरात सगळ्यांना वाचून दाखवा. पुढचा पेरा मग ठरवा.