तुकड्यातल्या चिठ्ठ्या : कॅन्सरच्या गाठीत मायक्रोआरएनए कसे शोधतात?



गालाच्या आतली बरी न होणारी जखम असो की स्तनातली गाठ, डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितला की आपल्या वस्त्यांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘सुई लावली की रोग पसरतो.’ दुसरे, ‘हल्ली नव्या तपासण्या निघाल्यात, रक्तावरूनच सगळं कळतं, मग कापाकापी कशाला?’ दुसऱ्या वाक्याला विज्ञानाचा वास आहे, म्हणून ते अधिक फसवे. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे सांगितले होते. म्हणून या नव्या तपासण्यांपैकी एक, मायक्रोआरएनएची, आपण या वेळी मुळापासून समजून घेऊ.

मायक्रोआरएनए म्हणजे काय?

पेशीत जनुकांवरून आरएनएच्या चिठ्ठ्या निघतात आणि त्या वाचून प्रथिने तयार होतात. मायक्रोआरएनए हा साधारण २२ अक्षरांचा इवलासा तुकडा. तो अशा चिठ्ठीवर बसतो आणि तिचे काम थोपवतो. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या १९९३ च्या संशोधनातून तो प्रथम एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडला. त्या दोघांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅन्सरशी त्याचा संबंध २००२ मध्ये दिसला. रक्ताच्या एका कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांत मिर-१५ आणि मिर-१६ हे दोन मायक्रोआरएनए कमी झालेले किंवा नाहीसेच झालेले आढळले. म्हणजे पेशीचा लगामच सुटला होता. याउलट मिर-२१ अनेक कॅन्सरमध्ये वाढलेला दिसतो. तंबाखू-गुटख्याने होणारा तोंडाचा कॅन्सरही त्यात येतो.

तुकड्यापासून नळीपर्यंत

काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून त्याचा छोटा ठोकळा करतात. यालाच ‘ब्लॉक’ म्हणतात. फॉर्मलिनने लांब आरएनए तुटतो. मायक्रोआरएनए मुळातच आखूड असल्याने बराचसा टिकतो आणि वर्षानुवर्षे ठेवलेल्या ब्लॉकमधूनही वाचता येतो.

पॅथॉलॉजिस्ट आधी सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरचा भाग कुठे आहे ते खूण करून दाखवतात. तेवढ्याच भागाचे पातळ काप घेतात, मेण विरघळवतात, प्रथिने पचवणारे द्रव्य घालतात आणि आरएनए वेगळा करतात. इथे खास पद्धत लागते, कारण आरएनए काढण्याच्या काही नेहमीच्या पद्धतींत हे बारीक तुकडे धुऊन जातात.

मोजण्याच्या पद्धती

आरटी-पीसीआर हा शब्द कोरोनाने घरोघरी पोहोचवला. इथेही तीच पद्धत सर्वाधिक वापरली जाते. अडचण एकच: मायक्रोआरएनए इतका तोकडा की त्याच्या प्रती काढायला दोन बाजूंनी पकडच मिळत नाही. म्हणून केसांच्या आकड्यासारखा वाकवलेला एक कृत्रिम धागा त्याच्या शेवटाला अडकवतात. तोकड्या सुतळीला जोड द्यावा तसा तो लांब होतो आणि मग त्याच्या प्रती निघतात. दर फेरीला प्रती जवळपास दुप्पट होतात. म्हणून एका नमुन्यात तीन फेऱ्या आधी खूण उमटली, तर त्यात सुमारे आठपट माल होता असे समजते.

एकाच वेळी शेकडो मायक्रोआरएनए पाहायचे असतील तर मायक्रोअ‍ॅरे वापरतात. माहीत नसलेलेही शोधायचे असतील तर सगळ्या तुकड्यांची अक्षरे वाचणारे सिक्वेन्सिंग करतात. ते महाग आहे.

या सर्व पद्धतींत तुकडा विरघळवावा लागतो. त्यामुळे किती आहे ते कळते, कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी काचेवरच्या अखंड कापावर रंग धरणारा शोधक धागा सोडतात. असे पाहिल्यावर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मिर-२१ बऱ्याचदा कॅन्सरच्या पेशींत नव्हे, तर आजूबाजूच्या आधार-पेशींत दिसला. नुसत्या आकड्यावर विसंबलो असतो तर ही गोष्ट कळलीच नसती.

आकडा कधी खरा मानायचा?

मिर-२१ वाढला म्हणजे कॅन्सर, असे नाही. साध्या दाहातही तो वाढतो. म्हणून शेजारच्या निरोगी ऊतीशी तुलना हवी. दोन्ही नमुन्यांत माल सारखाच घेतला होता का, हे ताडायला यू-६ सारखा एखादा सहसा स्थिर राहणारा आरएनए सोबत मोजावा लागतो. नमुना न घातलेली रिकामी नळीही चालवून पाहावी लागते. तिच्यात खूण उमटली तर चाचणीच बाद. आज या तपासण्यांचे काम मुख्यतः संशोधनात आहे. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरचे निदान तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते. त्याला पर्याय म्हणून कोणी महागडी मायक्रोआरएनए चाचणी सुचवली, तर आधी कॅन्सरतज्ज्ञांना विचारा, मगच पैसे भरा.

आपण काय करायचे?

- तुकडा द्यायला घाबरू नका. योग्य रीतीने घेतलेल्या तुकड्याने रोग पसरण्याचा धोका अत्यंत कमी. निदान लांबल्याचा धोका फार मोठा.
- तुकड्याची डबी अनेकदा नातेवाइकांच्याच हाती देतात. तिच्यावर रुग्णाचे नाव आहे का, तुकडा फॉर्मलिनमध्ये पूर्ण बुडाला आहे का, ते पाहा. फॉर्मलिन विषारी आहे. डबी उघडू नका, त्यात पाणी घालू नका, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा.
- अहवाल घेताना स्लाइड आणि ब्लॉक कुठे आहेत ते विचारा. दुसऱ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासायला मागतात. ब्लॉक हाती आला तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, मेण वितळते.
- उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा.

मेणाचा तो नखाएवढा ठोकळा आज क्षुल्लक वाटेल. उद्या नवी औषधे आणि नव्या तपासण्या आल्या, तर त्यांना उत्तर देणारा तोच असेल. अहवालाच्या फायलीइतकाच तो जपा.