लांबलेल्या पेरणीत मक्याच्या संकरित वाणाची निवड

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यापासून रावेरपर्यंतच्या तापी खोऱ्यात खरीप मक्याची पेरणी जूनच्या उत्तरार्धात व्हावी, अशी अपेक्षा असते. पाऊस ओढ देतो तेव्हा ती जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लांबते. अशा वेळी घरात आणून ठेवलेले उशिरा पक्व होणारे बियाणेच पेरण्याकडे अनेकांचा कल असतो. पण नुकसानीची सुरुवात तेथेच होते.

अमेरिकेच्या मका पट्ट्यात उशिरा पेरलेल्या पिकास दंवाचे भय असते. आपल्याकडे दंवाचा नव्हे, तर जमिनीतील ओलाव्याचा प्रश्न असतो. तुरा येऊन कणसास केसर फुटण्याचा काळ पाण्याच्या ताणास सर्वाधिक संवेदनशील होय. २० जुलैला पेरलेल्या, १०५ दिवसांच्या वाणास ही अवस्था साधारण १३ ते १८ सप्टेंबरच्या सुमारास येते व दाणे भरण्याच्या काळात पाऊस परतीस लागतो. ८२ दिवसांचा वाण मात्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच केसरावर येतो आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास तयार होतो. त्यामुळे हरभऱ्यासाठी शेत वेळेवर मोकळे होते. पहिला वाण नोव्हेंबर उजाडेपर्यंत शेत अडवून ठेवतो.

लवकर येणाऱ्या वाणाची उत्पादनक्षमता कमी असते, हे खरे. ही तूट काही अंशी दाट लागवडीने भरून काढता येते. उशिराच्या वाणास ७५ × २० सें. मी. अंतर ठेवतात, तेथे लवकरच्या वाणास ६० × २० सें. मी. ठेवावे, म्हणजे हेक्टरी झाडांची संख्या सुमारे ६६ हजारांवरून ८३ हजारांवर जाते. मात्र ऑक्टोबरातील परतीच्या सरीत कणसे भिजण्याचा धोका राहतो. म्हणून टोकापर्यंत घट्ट आवरण असलेला वाण पसंत करावा.

पहिली पेरणी वाया गेलेल्या शेतकऱ्याने घरच्या संकरित मक्याचे दाणे बियाणे म्हणून पुन्हा वापरू नयेत. पुढील पिढीत संकरजोम घटतो व झाडे एकसारखी राहत नाहीत. खर्च परवडत नसेल, तर लवकर येणारा संमिश्र वाण अधिक सोयीचा.

२०१८ साली भारतात प्रथम आढळलेली लष्करी अळी उशिराच्या कोवळ्या पिकावर विशेष तुटून पडते. शेजारचे पीक पुढे गेलेले असल्यास उगवणीपासूनच पोंग्यांची पाहणी करावी. ऑगस्ट उजाडला, तर खरीप मक्याचा आग्रह सोडून, विहिरीस पाणी असल्यास रब्बी मक्याचा विचार करणे श्रेयस्कर.