पसायदानातली पहिली मागणी



आजचे वाचन: ज्ञानेश्वरी, अध्याय १८, पसायदानाच्या नऊ ओव्या

गेल्या रविवारी आमच्या वाचनाला येणाऱ्या एका मुलीने सरळच विचारलं, "दादा, पसायदान आपण शाळेपासून म्हणतोय. पण हवामान बिघडतंय, युद्धं थांबत नाहीत, अणुबॉम्ब तसेच आहेत, पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही. एवढं डोक्यावर असताना तरी जग एक होईल का?"

आजचं चिंतन तिच्या या प्रश्नावर.

संकट मोठं झालं की माणसं आपोआप एक होतात, असं आपण धरून चालतो. खरंच तसं होतं का? लांब कशाला जायचं, आपलं पुणंच बघू.

१८९७: एकच रोग, दोन भिंती

प्लेगची ती साथ जागतिक होती. १८९४ मध्ये हाँगकाँगला, १८९६ मध्ये मुंबईत आणि मग पुण्यात. रँड नावाच्या अधिकाऱ्याकडे बंदोबस्त आला. गोरे सोजीर घरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरून तपासणी करू लागले. रोग्यांना वेगळं ठेवणं शास्त्राला धरूनच होतं. पण ज्या तऱ्हेने ते झालं, त्यामुळे लोक सरकारला प्लेगइतकेच घाबरू लागले. घरातला आजारी माणूस लपवू लागले. लपवलेला रोग आणखी पसरतो. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

म्हणजे बघा, शत्रू दोघांचाही एकच होता, प्लेग. तरी शहर आणि सरकार एक झाले नाहीत. भीती होती, विश्वास नव्हता.

त्याच साथीत, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले होत्या. मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरजवळ दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे गेल्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. प्लेगची भीती त्यांना नसेल का? पण आजारी मूल परकं आहे, हा हिशेब त्यांच्या मनात नव्हता.

माउली आधी काय मागतात?

आता पसायदानाचा क्रम नीट पाहा. शके १२१२ म्हणजे १२९० साली, नेवाशाला, जेमतेम पंधरा वर्षांचा एक मुलगा हे मागतोय. त्याच्या आईवडिलांना समाजाने वाळीत टाकलेलं. तो म्हणू शकला असता, देवा, दुष्टांचा नाश कर. तो तसं म्हणत नाही. दुष्टांचं वाकडेपण जावं, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, जिवांची एकमेकांशी मैत्री व्हावी, ही त्याची पहिली मागणी. अंधार जाणं, सुखाचा वर्षाव, हे सगळं नंतर येतं.

मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आपण उलट मागतो: आधी संकट टळू दे, मग मैत्रीचं बघू. माउली सांगतात, मैत्री नसेल तर संकटही टळायचं नाही.

२०२०: एकत्र न येण्यातली एकी

९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यातच सापडले. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. निर्णय पालखी सोहळ्याच्या मंडळींशी बोलून झाला. ३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकरी घरी थांबले. १८९७ सारखंच बंधन, पण इथे घरात शिपाई घुसवावे लागले नाहीत. आपल्यामुळे दुसऱ्याला लागण नको, म्हणून माणसं थांबली. गीता ज्याला लोकसंग्रह म्हणते, तो मला त्या रिकाम्या पालखीमार्गावर दिसला.

पण पुढचंही खरं सांगायला हवं. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून लसीच्या गाड्या निघाल्या. गरीब देशांना लस देणाऱ्या कोव्हॅक्स योजनेची मोठी भिस्त याच कारखान्यावर होती. मग दुसरी लाट आली. एप्रिलमध्ये आपल्या शहरात लोक बेडसाठी वणवण फिरत होते. मार्चच्या अखेरीपासून लसीची निर्यात जवळपास थांबली, कोव्हॅक्ससाठी ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. तोवर आफ्रिकेतले कितीतरी देश वाट पाहत राहिले. श्रीमंत देशांनी तर आधीच गरजेपेक्षा जास्त डोस राखून ठेवले होते.

घरात माणूस तडफडत असताना "आधी आपलं" म्हणणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण पसायदानातलं "विश्व" आपल्या वेशीपाशी थांबत नाही, हेही विसरता येत नाही. ही ओढाताण मला आजही सुटलेली नाही.

मग जग एक होईल का?

होऊ शकतं, कारण एकदा झालंय. देवीच्या रोगाचं निर्मूलन करायचा प्रस्ताव १९५८ मध्ये सोव्हिएत संघाने मांडला. पुढे मोहिमेचं नेतृत्व एका अमेरिकन डॉक्टरने केलं. दोन्ही देश तेव्हा एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून होते! तरी रशियाने लस दिली, अमेरिकेने माणसं आणि पैसा दिला, आणि भारतात हजारो कर्मचारी दारोदार फिरले. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. भांडण मिटायची वाट पाहत कुणी बसलं नाही. एक काम दोघांनी मिळून उचललं, बस्स.

म्हणून त्या मुलीला माझं उत्तर असं: भीतीने माणसं जवळ येतात, पण टिकत नाहीत. विश्वासाने टिकतात. आणि विश्वास संकटाच्या दिवशी तयार होत नाही, तो आधीच जमवावा लागतो.

आजची साधना

रात्री पसायदान म्हणताना पहिल्या मागणीपाशी थांबा. ज्याचं वाकडेपण तुम्हाला खुपतं, असा एक माणूस आठवा. सोसायटीतला, ऑफिसमधला, दुसऱ्या विचारांचा, दुसऱ्या धर्माचा. त्याच्या भल्यासाठी ती ओवी म्हणा. आणि या आठवड्यात त्याच्यासोबत एक छोटं काम करा. टाकीच्या पाण्याचं, कचऱ्याचं, काहीही चालेल.

माउली, आधी माझ्या मनातलं वाकडेपण जाऊ दे.

राम कृष्ण हरी!