पेसमेकर ६०चा, मग नाडी ४८ कशी?

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी पेसमेकर बसवला. ठोके ६०च्या खाली जाणार नाहीत, असं सांगितलं होतं. पण घरचं बीपीचं यंत्र कधी ४८ दाखवतं, कधी बसल्या जागी ८४. पेसमेकर बिघडला असेल का?

उत्तर : ८४चं आधी सांगतो, ते सोपं आहे. पेसमेकर ठोके कमी पडू देत नाही. वाढलेले ठोके आवरणं हे त्याचं कामच नव्हे. ते बहुधा वडिलांच्या हृदयाचे स्वतःचे ठोके आहेत.

४८ मात्र बुचकळ्यात टाकतं खरं. बऱ्याचदा मधेच एखादा ठोका वेळेआधी पडतो. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे ती लाट मनगटापर्यंत नीट पोचत नाही. पेसमेकर तो ठोका मोजतो, बीपीचं यंत्र गाळतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही असाच फसतो. म्हणून नाडी हाताने, पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. आकडा झोपेतला असेल, तर काही पेसमेकरांत रात्रीसाठी मुद्दाम कमी दर लावलेला असतो, हेही विचारून घ्या.

तरीही आकडा वारंवार कमी आला, तर ईसीजी आणि पेसमेकरची तपासणी करून घ्या. छातीवरून, कसलीही सुई न टोचता, त्यात साठलेली नोंद वाचता येते. चक्कर, धाप किंवा टाक्यांपाशी सूज-लाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली, तर थेट रुग्णालय गाठा. आणि दिवसातून दहादा नाडी बघणं सोडा. वडील त्यानेच जास्त धास्तावतील.