हाताच्या दोऱ्या

आश्विन महिना लागला की देऊळगाव राजाच्या शिवारात सोयाबीनच्या सोंगणीची लगबग सुरू होते. डाव्या मुठीत झाडे धरावयाची आणि उजव्या हातातील विळा ओढावयाचा, असे हे काम दिवसभर चालते. याच तालुक्यात भाजीपाल्याचे संकरित बियाणेही तयार होते. तेथे उमलू पाहणाऱ्या कळीतील पुंकेसर चिमट्याने अलगद काढावे लागतात. एकाच हाताच्या अंगी इतके बळ आणि इतकी नजाकत कोठून येते?

डावा हात कोपराच्या थोडा खाली उजव्या हाताने धरावा आणि डावी मूठ मिटून व उघडून पाहावी. मिटतात बोटे, पण हालचाल जाणवते ती कोपराखाली! बोटे हलविणारे स्नायू बोटांत नसतातच. काही तळहातात, तर मोठे व बळकट स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. त्यांच्यापासून निघालेल्या चिवट, शुभ्र दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. कळसूत्री बाहुली नाचते ती दोरीने. दोरी ओढणारा हात पडद्याआडच राहतो. तसेच हे आहे. अंगठ्याखेरीज प्रत्येक बोट मिटविण्यास दोन लांब कंडरा असतात : एक मधल्या पेराला जोडलेली, दुसरी टोकाच्या पेराला.

सोंगणी करताना विळा निसटतो आणि डाव्या बोटावर बसतो. जखम लहान दिसते. हळद भरून चिंधी बांधली जाते आणि काम पुढे चालू राहते. आठ-पंधरा दिवसांत कातडी जुळून येते. पण बोटाचे टोक काही वाकत नाही. कारण आत कंडरा तुटलेली असते. तुटताच स्नायू तिचे टोक आपल्याकडे ओढून घेतो; म्हणून ती आपोआप सांधली जात नाही.

बोटाच्या मुळाजवळ या कंडरा अरुंद नळीतून जातात. तेथे शिवलेली कंडरा भोवतालच्या भागाला चिकटून बसे. म्हणून अमेरिकन शल्यवैद्य स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला ‘निर्मनुष्य प्रदेश’ म्हटले. पुढे 1967 साली हॅरॉल्ड क्लायनर्ट व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, कंडरा लगेच शिवून बोट बेताने हलते ठेवले, तर ते पुन्हा वाकू शकते. आज अशी शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या काही दिवसांतच करतात. पुढे काही आठवडे पट्टी आणि नेमून दिलेला व्यायाम सांभाळावा लागतो.

म्हणून हाताला खोल जखम झाल्यास स्वच्छ कापडाने ती दाबून धरावी व हात उंच ठेवावा. हळद, चहापूड असे काही भरू नये. जोर न लावता प्रत्येक पेर वाकते का, बोटाला स्पर्श कळतो का, हे पाहावे. वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सर्व बोटे वाकली, तरी खोल जखम डॉक्टरांना दाखवावीच.

सोंगणी एक दिवस थांबली तरी चालते; गेलेला हात मात्र पुढच्या हंगामात परत येत नाही.

शब्दार्थ : शिवार – गावची शेतजमीन, सोंगणी – पिकाची कापणी, अलगद – हळुवारपणे, बधिर – संवेदना नसलेले.

स्वाध्याय
1. कंडरेला कळसूत्री बाहुलीच्या दोरीची उपमा का दिली आहे?
2. कातडी जुळली तरी बोट का वाकत नाही?
3. ‘हात’ या शब्दापासून बनलेले पाच वाक्प्रचार लिहून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.