घाटरस्त्यावर वाहन वळविताना

कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले गगनबावडा हे घाट आणि कोकण यांना जोडणारे ठिकाण आहे. येथून करूळ व भुईबावडा असे दोन घाट खाली उतरतात. पावसाळ्यात दाट धुके, निसरडा रस्ता आणि दरडींचे भय या दोन्ही मार्गांवर कायम असते. दरड कोसळून मार्ग बंद झाला, की अडकलेली वाहने परत फिरू लागतात. अशा घाईच्या क्षणी एका बाजूस डोंगर आणि दुसऱ्या बाजूस दरी असलेल्या रस्त्यावर वाहन कसे वळवावे, याचे ज्ञान जीव वाचविणारे ठरते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये केलेले वाहन चालविण्याविषयीचे विनियम २०१७ पासून लागू आहेत. मनाईचा फलक असेल तेथे किंवा गर्दीच्या रस्त्यावर वाहन उलट दिशेस वळविता येत नाही. जेथे मनाई नाही, तेथेही आधी उजवीकडे वळण्याचा इशारा द्यावा, आरशात मागील वाहतूक पाहावी आणि मार्ग निर्धोक असल्याची खात्री करूनच वळावे. वाहन मागे घेताना कोणासही धोका किंवा अडथळा होता कामा नये. या विनियमांचा भंग केल्यास अधिनियमाच्या कलम १७७-अ प्रमाणे ५०० ते १,००० रुपये दंड होऊ शकतो. अरुंद चढणीवर उतरणाऱ्या वाहनाने थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, हा नियमही घाटात विसरता कामा नये.

अंतराचा हिशेब

दुपदरी रस्त्याची डांबरी किंवा काँक्रीटची रुंदी सर्वसाधारणपणे ७ मीटर असते. लहान मोटारीस एका दमात वळण्यासाठी सुमारे १० मीटर जागा लागते. म्हणजे पुढे-मागे केल्यावाचून ती वळू शकत नाही, आणि तेवढा वेळ ती रस्त्यावर आडवी उभी राहते. या कामास अर्धा मिनिट लागला असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात ११ मीटर, तर अर्ध्या मिनिटात सुमारे ३३० मीटर अंतर कापते. तेव्हा दोन्ही बाजूंस एवढा रस्ता दिसावयास हवा. नागमोडी वळणावर तो दिसत नाही. धुक्यात तर समोरचे काही मीटरही दिसत नाहीत. म्हणूनच वळणावर, चढाच्या माथ्यावर, पुलावर आणि धुक्यात वाहन कदापि वळवू नये.

वळविणे अटळ झाल्यास

१. सरळ व रुंद जागा मिळेपर्यंत पुढे जावे. मार्ग पुढे बंदच असल्यास वाहन डाव्या कडेस, दरडीच्या तोंडापासून दूर उभे करून धोक्याचे दिवे लावावेत व पोलिसांच्या सूचनेची वाट पाहावी.

२. प्रवाशांना डोंगराच्या बाजूस सुरक्षित जागी उतरवावे. दोन जाणत्या माणसांनी रस्त्याच्या दोन्ही दिशांना पुरेशा अंतरावर उभे राहून येणारी वाहने थांबवावीत. वाहनाच्या मागे कोणीही उभे राहू नये.

३. वाहनाचे तोंड दरीकडे व पाठ डोंगराकडे राहील अशा रीतीने वळावे. कडा डोळ्यांना दिसत असला, तर चालक वेळीच थांबतो. पाठीमागची दरी त्याला दिसत नाही. आपण डाव्या बाजूने जातो. त्यामुळे दरी उजवीकडे असेल तेथे हे सहज साधते. ती डावीकडे असल्यास त्या जागी वळू नये.

४. डोंगराकडील गटारात मागचे चाक जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे. प्रत्येक थांब्यावर हातब्रेक ओढावा. उतारावर चाकास दगडाचा आधार द्यावा.

५. बस व मालमोटार यांनी घाटात वळण्याचा प्रयत्नच करू नये.

गावाचे कर्तव्य

वळण्याची सर्वांत सुरक्षित जागा घाटात नसून घाटापूर्वी असते. जानेवारी २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरण व काँक्रिटीकरणासाठी बंद करण्यात आला, तेव्हा वाहतूक अन्य घाटांनी वळवावी लागली. अशा वेळी माहिती वेळेवर पोहोचली, तर वाहन गगनबावड्यात किंवा वैभववाडीतच मागे फिरते. घाट बंद झाल्याची वार्ता पंचायतीने फलकावर व ध्वनिक्षेपकावर त्वरित द्यावी. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागा खडी, लाकडे वा टपऱ्यांनी अडू देऊ नयेत. मागे येणाऱ्या बसच्या पाठीमागून धावू नये, हे शिक्षकांनी मुलांच्या मनावर बिंबवावे. अपघात घडल्यास ११२ किंवा १०८ या क्रमांकावर कळवावे.

गंतव्यस्थानी तासभर उशिरा पोहोचलेला प्रवासी घरी परततो. घाईने वळलेल्यास ती खात्री कोणी देऊ शकत नाही.